बालव्हॅरीचा पायगुण

आमचा शेजारी डंकन रोज होडी वल्हवायचा. यात नवल काही नाही. मी खाडीकाठचा, तांडेल आडनावाचा माणूस. माझ्या घराण्यात माणसं आधी वल्ही धरायला शिकली आणि मग चमचा. नवल हे, की डंकन होडी वल्हवायचा ती स्वतःच्या परसातल्या पोहायच्या तलावात.

अमेरिकेतल्या सांता क्लारात तेव्हा बऱ्याच घरांमागे असा तलाव असायचा. निळाशार, काजूगराच्या आकाराचा, कुणीही न पोहणारा. डंकनने आपल्या तलावात औषध टाकणं बंद केलं. पाणी आधी हिरवं झालं, मग काळं. काठाने त्याने दगड रचले, लव्हाळी लावली आणि मध्ये एक लाकडी होडी सोडली. चार वल्ही मारली की समोरची भिंत. ठक्. तिथे एक लोखंडी खुर्ची ठेवलेली असायची, रिकामी. खुर्चीपुढे होडी लावून तो थोडा वेळ गप्प बसायचा. मग होडी फिरवायची, चार वल्ही, इकडची भिंत. ठक्. अंगात रेनकोट, पायात गुडघ्याएवढे रबरी बूट, आणि वर आभाळ बघाल तर घासून ठेवलेल्या ताटासारखं कोरडं. पाऊस हवाच म्हणून झाडांना पाणी घालायचा फवारा तो स्वतःच्या अंगावर सोडून ठेवायचा.

मी तेव्हा नुकताच मुलाकडे आलो होतो. बायको गेली, मुलगा म्हणाला, "बाबा, एकटे काय करणार तिकडे, इकडे या." आलो. इकडे काय करणार ते मात्र कुणी सांगितलं नाही. मुलगा विलास आणि सून सुषमा सकाळी दोन गाड्यांतून दोन दिशांना जायची. नातू शाळेतून आला की "हाय आजोबा" म्हणायचा आणि टीव्हीपुढे बसायचा. त्याला मराठी येत नाही, मला त्याचं इंग्रजी कळत नाही. आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवायचो, दोन बैल हलवतात तशी.

तेव्हा कुंपणावरून डंकनकडे बघणं हाच उद्योग. काही दिवस बघितलं. मग राहवेना. वल्हं धरायची ती काय रीत!

"धोबीण धुणं आपटते तसं मारतोयस," मी कुंपणावरून ओरडलो.

त्याने मान वळवली नाही. नाकावरून फवाऱ्याचं पाणी ओघळत होतं. "तू कोण?"

"शेजारी."

"बालव्हॅरीत शेजारी तीन मैलांवर असतो," तो म्हणाला. "तिथे जाऊन उभा राहा."

अशी आमची ओळख झाली.

माझं शिक्षण चौथी. इंग्रजी शिकलो ते मुंबईच्या गोदीत, बोटींना रिबिटा मारताना. आमचा फोरमन स्कॉटलंडचा होता. त्याच्या तोंडून ऐकलेलं निम्मं इंग्रजी बायकांपुढे बोलता येत नाही आणि उरलेलं निम्मं त्या फोरमनच्या देशाबाहेर कुणाला कळत नाही. डंकन त्याच देशाचा. त्याचं बोलणं आमच्या गल्लीत कुणाला धड समजायचं नाही. गारगोट्या तोंडात धरून बोलल्यासारखा बोलायचा. विलास म्हणायचा, "बाबा, तो तुम्हाला शिव्या देतो की गुड मॉर्निंग म्हणतो?" मी म्हणायचो, "दोन्ही."

बालव्हॅरी हे त्याचं गाव. तिकडे स्कॉटलंडात, तिन्ही बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला सरोवर. नऊ घरं, एक देऊळ, एक दुकान. टपालही त्याच दुकानात. बस. कौलाला हात लागेल इतकी ठेंगणी दगडी घरं. चुलीत लाकूड नाही, दलदलीची माती कापून, वाळवून ती जाळायची, आपल्या शेणीसारखी. पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. रविवारी कोंबडासुद्धा टोपलीखाली झाकायचा, देवाच्या दिवशी मजा मारतो म्हणून. सरोवर इतकं खोल की तळ कुणी बघितला नाही. ज्यांनी बघितला ते सांगायला वर आले नाहीत.

डंकन तिथून तरुणपणी निघाला. या भागात तेव्हा जर्दाळूच्या बागा होत्या आणि फळं डब्यात भरायचे कारखाने. अशाच एका कारखान्यात त्याने मशिनं दुरुस्त करण्यात जन्म काढला. बागा गेल्या, कारखाने गेले, कॉम्प्युटरवाले आले. डंकन होता तिथेच बसून राहिला आणि जे दिसेल त्याला नावं ठेवू लागला. सगळं बालव्हॅरीच्या मापाने मोजायचं. इथला डोंगर? "बालव्हॅरीत याला उंबरठा म्हणतात." इथली थंडी? "बालव्हॅरीत असल्या हवेत मेंढ्या लोकर काढून ठेवतात." माझ्या सुनेने एकदा वाटीभर बांगड्याचं कालवण दिलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी वाटी चाटून पुसून परत केली आणि म्हणाला, "नॉट बॅड."

हे "नॉट बॅड" म्हणजे त्याच्याकडचं सगळ्यात मोठं कौतुक. त्याच्यापुढे शब्द नाही. सुषमा बिचारी दोन दिवस फुगून बसली. नुसतं वाईट नाही म्हणतो म्हणजे काय!

भिंतीवरचं घड्याळही बालव्हॅरीचं. इथे सकाळचे आठ वाजले की त्याच्या घड्याळात दुपारचे चार. मी विचारलं, "मग जेवतोस कुठल्या वेळेला?" म्हणाला, "पोट अमेरिकेत आहे, त्याला काय कळतंय."

एकदा कौंटीचा, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीचा, माणूस आला. तलावात डास होतात, उपसून टाका म्हणाला. डंकनने त्याला तासभर उन्हात उभं करून बालव्हॅरीच्या डासांचं वर्णन ऐकवलं. घोड्याला कसे वेडं करतात, न्हाव्याचा वस्तरा कसा चुकवतात. मग डास खाणारे मासे आणून सोडले आणि कौंटीच्या माणसाला म्हणाला, "आता हे सरोवर आहे. सरोवर उपसता येत नाही." तो माणूस पुन्हा आला नाही. मला वाटतं त्याला अर्धं कळलंच नव्हतं.

आणि एकदा मी चुकून त्या लोखंडी खुर्चीवर बसलो. गुडघे दुखत होते, खुर्ची रिकामी होती, बसलो. डंकन होडीतून असा ओरडला की लव्हाळ्यातला पक्षी उडाला. "ऊठ! ऊठ तिथून!" बाकी वेळी तो चिडायचा त्यात मजा असायची. या ओरडण्यात नव्हती. मी उठलो, घरी आलो आणि आठवडाभर कुंपणाकडे गेलो नाही. मलाही मान आहे. खुर्चीसाठी ओरडून घ्यायला मी काही त्याचा पाहुणा नव्हतो.

मग डिसेंबर आला. आठवडाभराने तोच कुंपणाशी आला. नुसता बघत राहिला. डोक्यापासून पायापर्यंत, बैलबाजारात बघतात तसा.

"टँडल," तो म्हणाला. मला तो असंच म्हणायचा. "तू काळा आहेस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काळा म्हणून मी जन्मभर ऐकलंय. मुली बघायला गेलो तर पडद्याआडून कुजबुज, "मुलगा काळा आहे, पण गोदीत पर्मनंट आहे." बारशाला आत्याने मला बघून म्हटलं होतं म्हणे, "दिवा लावा गं, दिसत नाहीये." आणि या वयात, सात समुद्र ओलांडून आल्यावर, हा लालतोंड्या मला तेच सांगतोय!

"आहे काळा," मी म्हटलं. "तुला काय करायचंय?"

"केसही काळे," तो म्हणाला आणि त्याचे डोळे असे चमकले की मी घाबरलो. "यापेक्षा चांगला माणूस मला या गावात मिळणार नाही."

मग त्याने सांगितलं. त्यांच्याकडे नवीन वर्ष लागलं की घराच्या उंबऱ्यातून आत पहिलं पाऊल कुणाचं पडतं त्यावर सबंध वर्ष ठरतं. काळ्या केसांचा पुरुष आला तर उत्तम. त्याने कोळसा, मीठ आणि भाकरी घेऊन यायचं. तो येईपर्यंत घरातल्याने बाहेर जायचं नाही, बाहेरच्याने आत यायचं नाही. पिवळ्या केसांचं कुणी आधी आलं तर वर्ष वाईट. बाई असली तर आणखी वाईट. पूर्वी समोरच्या घरात एक इटालियन न्हावी राहायचा, काळ्याभोर केसांचा. तोच यायचा. तो मेला, आणि तेव्हापासून डंकन काळा माणूस शोधत होता.

मला समजावून सांगायची गरजच नव्हती. आमच्याकडे याला पायगुण म्हणतात. फक्त आमच्याकडे काळ्याला कुणी असं बोलावत नाही.

घरात सांगितलं तर विलास उखडला. "बाबा, दिस इज रेसिस्ट! तुम्ही काळे म्हणून बोलावतो? अजिबात जायचं नाही."

सुषमा म्हणाली, "अहो, आणि लोक काय म्हणतील, कोळसा घेऊन कुठे निघाले?"

नातू म्हणाला, "दॅट्स सो विअर्ड."

माझा विचार अजून ठरला नव्हता. पण घरातली तिन्ही माणसं नको म्हणतायत म्हटल्यावर जाणं भागच होतं.

बालव्हॅरीत मध्यरात्र होते तेव्हा सांता क्लारात दुपारचे चार वाजलेले असतात. एकतीस डिसेंबरला दुपारी चारला, सगळी गल्ली इस्त्रीचे कपडे काढत असताना, मी धोतर नेसून, काळी टोपी काढून, केस दिसतील असे विंचरून निघालो. खांद्यावर मांस भाजायच्या शेगडीचा सुपरमार्केटातला कोळसा, अख्खं पोतं, कारण सुटा मिळत नाही. एका हातात मिठाची पुडी, दुसऱ्या हातात तांदळाची भाकरी. डंकनने दार उघडलं. गळ्याशी टाय, केसांना पाणी लावलेलं. मी उजवा पाय आत टाकला. त्याने डोळे मिटून श्वास सोडला. बोटीचा नांगर लागल्यावर सोडतात तसा. मग पेला भरला, माझ्या हातात दिला आणि भाकरीचा तुकडा मोडून म्हणाला, "नॉट बॅड."

मी निघालो तेव्हा रस्त्याकडेला एक गाडी उभी होती. आत एक बाई बसलेली, पन्नाशीच्या अलीकडची. केस मक्याच्या कणसाच्या शेंड्यासारखे पिवळे. मी बाहेर पडताच ती उतरली, हातात केकचा डबा घेऊन घाईघाईने डंकनच्या दारात गेली. मला वाटलं, कौंटीची असेल, तलाव बघायला आलीय. केक कशाला ते मी मनात आणलं नाही. आपल्याला काय करायचंय?

पुढच्या वर्षी तेच. गाडी, बाई, मी गेलो की ती. तिसऱ्या वर्षीही. विचारायला मी त्याचा पाहुणा नव्हतो. खुर्चीचं मी विसरलो नव्हतो.

मग माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि त्या वर्षात माझे केस पांढरे झाले. आमच्यात उशिरा पिकतात, पण पिकले की एकदम, कापूस फुटावा तसे. नोव्हेंबरात डंकन कुंपणाशी आला आणि माझं डोकं बघत राहिला.

"हे चालणार नाही," तो म्हणाला. "रंगव."

"काय?"

"केस. एकतीसच्या आत रंगव. दुकानात बाटली मिळते."

माझ्या बापाने केस रंगवले नाहीत, आजाने रंगवले नाहीत. नाटकातली माणसं रंगवतात. मी म्हटलं, "तुझ्या नऊ घरांसाठी आणि एका डबक्यासाठी मी तोंड काळं करून घ्यायचं राहिलंय."

"डबकं?" तो म्हणाला.

"डबकंच. चार वल्ह्यांत संपतं."

त्याचा चेहरा होता त्याहून लाल झाला. "डबकं तर डबकं. माझं आहे. मी माझ्या घरात राहतो. मुलाचं पोर सांभाळायला मला कुणी पार्सल करून मागवलेलं नाही."

हे बोलणं मला लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. मी आत आलो आणि त्या दिवसापासून कुंपणाकडचा पडदा ओढला तो ओढला. पलीकडून ठक् ऐकू यायचं. थोडा वेळ शांत. मग पुन्हा ठक्. मी टीव्ही मोठा करायचो.

एकतीस तारीख आली. चार वाजले. मी बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो होतो. खिडकीतून दिसत होतं म्हणून बघत होतो, मुद्दाम नाही. ती गाडी आली होती. बाई आत बसली होती. डंकनच्या खिडकीचा पडदा थोडा बाजूला झाला, पुन्हा पडला. बाई उतरली नाही. दार उघडलं नाही. साडेचार झाले. उन्हं उतरायला लागली. डंकनच्या पडद्याआड दिवा लागला.

सुषमा पार्टीला निघायची तयारी करत होती. म्हणाली, "बाबा, ती बाई कधीची गाडीत बसलीय. एकटी. पोलिसांना कॉल करू का?"

"मी बघतो," मी म्हटलं. कचऱ्याचा डबा आत घ्यायचाच होता. तो घ्यायला बाहेर गेलो. डबा गाडीच्या पलीकडे होता, त्याला माझा इलाज नाही.

तिने काच खाली केली. रडलेली दिसत होती. "तुम्ही ते," ती म्हणाली. "काळे गृहस्थ. तुम्ही आजारी होतात का? मला वाटलं, म्हणूनच आला नाहीत."

"आजारी नाही. भांडण झालं. तू कोण?"

तिचं नाव कर्स्टी. डंकनची मुलगी. दोन तासांवर राहते, शाळेत शिकवते. तिने मला सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो.

इटालियन न्हावी ज्या वर्षी मेला त्या एकतीस तारखेला ती आईबापांना चकित करायला केक घेऊन आली. चार वाजून गेले होते. दाराला कडी नव्हती. ती हसत हसत आत गेली. वर्षातलं पहिलं पाऊल तिचं पडलं, पिवळ्या केसांच्या बाईचं. आणि वसंतात तिची आई गेली. मोरॅग तिचं नाव. बालव्हॅरीचीच, पण सरोवराच्या पलीकडच्या काठावरची. तिकडे जायला रस्ता नव्हता. लग्नाआधी डंकन रोज होडीने जायचा, तिच्या अंगणासमोर होडी लावून बसायचा, बोलायचा आणि परत यायचा.

म्हणजे ती खुर्ची.

"त्यांनी मला कधी बोल लावला नाही," कर्स्टी म्हणाली. "एक शब्द नाही. पण पुढच्या वर्षी मी आले तर साखळी लावून दार उघडलं आणि म्हणाले, थांब पोरी, कुणी काळं येईपर्यंत. मी थांबले. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मी पिझ्झा मागवला, म्हटलं पिझ्झावाला तरी आधी जाईल. तो लालभडक केसांचा निघाला. लाल तर पिवळ्याहून वाईट. बाबांनी पिझ्झा खिडकीतून घेतला."

मला हसू आलं. तिलाही आलं. मग तिचा चेहरा बदलला.

"त्यांना स्वतःची भीती नाही," ती म्हणाली. "त्यांचं वय झालंय. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी ते जाणार, त्यांनाही माहीत आहे. फक्त ते वर्ष माझ्या पावलाचं नसावं, एवढंच त्यांना हवंय. आई माझ्यामुळे गेली असं मला इतकी वर्षं वाटत राहिलं. दोघांचं ओझं माझ्यावर नको, म्हणून दार लावून आत बसलेत."

मी डबा धरून उभा राहिलो.

माझी बायको लग्न होऊन आमच्या घरात आली आणि त्याच पावसाळ्यात माझा बाप खाडीत बुडाला. वारं होतं, पाणी होतं, बापाच्या पोटात नारळीची दारू होती. पण आईने ठरवलं, सून पांढऱ्या पायाची. मी भांडलो, घर वेगळं केलं, तरी तो शब्द तिच्या मागे चालत राहिला. कुणाच्या घरी मूल जन्मलं की ती शेवटी जायची. वास्तुशांतीला दाराबाहेर थांबायची, आधी बाकीच्यांना जाऊ द्यायची. मरेपर्यंत. ती गेली तेव्हा मात्र घरातून बाहेर आधी तिला नेलं, तेवढंच एकदा तिचं पाऊल पहिलं पडलं.

"बस इथे," मी कर्स्टीला म्हटलं. "जाऊ नकोस."

घरात आलो. केस रंगवायची बाटली घरात कुठून असणार? विलासचं बूटपॉलिश होतं, ते तपकिरी. मग गॅरेजमध्ये गेलो. शेगडीच्या कोळशाचं पोतं होतं. दोन कोळसे घेतले, जमिनीवर टाकून चपलेने चुरले आणि मूठ भरून डोक्याला चोळले. पुन्हा मूठ, पुन्हा चोळले. गाडीच्या आरशात बघितलं. देवा. बारशाच्या दिवशी आत्याला जे दिसलं नव्हतं तेच दिसत होतं. मीठ घेतलं. भाकरी नव्हती, सुषमाने पार्टीसाठी केलेल्या पुरणपोळ्या डब्यात होत्या, त्यातली एक घेतली. उरलेलं पोतं खांद्यावर टाकलं.

हिरवळीवरून चाललो. संध्याकाळच्या उजेडात एका गाडीतून नटूनथटून चाललेली माणसं थांबून बघत होती. बघा म्हटलं.

दार वाजवायची वेळ आली नाही. तो दारामागेच उभा होता, टाय लावून, चारपासून. त्याने माझं डोकं बघितलं. घामाने कोळशाचे ओघळ माझ्या कपाळावरून नाकावर आले होते. त्याने ते बघितले. मग माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघितलं, गाडीकडे. मला वाटलं, म्हणेल, हे खोटं आहे, चालणार नाही. बालव्हॅरीच्या नियमात कोळसा हातात आणायचा असतो, डोक्यावर नाही.

तो बाजूला झाला. मी उजवा पाय आत टाकला.

"उशीर केलास," तो म्हणाला.

"ट्रॅफिक होता," मी म्हटलं.

त्याने पुरणपोळी मोडली, तोंडात टाकली आणि चावता चावता रस्त्याकडे हात केला. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मी थांबलो नाही. थांबायला मी काही घरचा नव्हतो.

पण परसाच्या कुंपणाकडचा पडदा मी त्या दिवशी उघडला. अंधार पडत होता. कर्स्टी त्या लोखंडी खुर्चीवर बसली होती, अंगावर बापाचा रेनकोट. डंकन होडीतून तिच्याकडे येत होता. एक, दोन, तीन, चार. ठक्. वल्हं अजूनही धोबिणीसारखंच.

मागून सुषमा ओरडली, "बाबा! कार्पेट! अहो, पांढऱ्या कार्पेटवर पायांचे ठसे, आणि डोक्याला काय लावलंय? एक पोळीही कमी आहे!" विलास म्हणाला, "बाबा, आर यू ओके?" नातवाने पहिल्यांदाच टीव्ही बंद केला आणि मला नीट बघितलं.

त्या लागलेल्या वर्षातच, ऑगस्टात, डंकन गेला. झोपेत. लोक म्हणाले, चांगलं मरण. मला मरणाचं कौतुक नाही.

त्याला शेवटचा निरोप देऊन बाहेर आलो तेव्हा कर्स्टी चर्चच्या पायऱ्यांवर उभी होती. लोक हात मिळवत होते, ती मान हलवत होती. मी पुढे आल्यावर तिने माझ्या डोक्याकडे बघितलं. मी टोपी काढून दाखवली. पांढरंशुभ्र.

"आहेत ना पांढरे?" मी म्हटलं. "तेव्हाही पांढरेच होते. वरचा रंग कोळशाचा होता. फसवलं मी. हे वर्ष माझ्या पावलाचं. तुझा काही संबंध नाही."

"तुम्हाला त्याचं ओझं वाटणार नाही?" तिने विचारलं.

"मला?" मी म्हटलं. "मी काळा माणूस. मला जन्मभर बोल लागलेत, त्यात आणखी एक."

ती हसली आणि मग पायरीवर बसली. मीही बसलो. गुडघे दुखत होते.

उठताना मी म्हटलं, "एकतीस तारखेला माझ्याकडे ये. चार वाजता. मी दार लावणार नाही. सगळ्यांच्या आधी तू यायचंस, पिवळे केस मोकळे सोडून."

"नको," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "प्लीज, तसं नको."

"तुझ्या बापाचा नियम बापाबरोबर गेला. माझ्या घरात माझा नियम. आणि मला काही झालं तर माझी सून खूश होईल, कार्पेट स्वच्छ राहील."

डंकनचं घर विकलं गेलं. नव्या मालकाने दगड काढले, लव्हाळी काढली आणि तलाव निळा केला. त्यात कुणी पोहत नाही. होडी कर्स्टीने मला दिली. आमच्या गॅरेजात आहे. विलासची गाडी बाहेर उन्हात उभी असते आणि सुषमा दर रविवारी विचारते, ही कधी टाकायची? मी म्हणतो, मला टाकाल तेव्हा.

एकतीस तारखेला चार वाजता कर्स्टी आली. केकचा डबा घेऊन उंबऱ्यापाशी थबकली. एक पाय उचलला, परत खाली ठेवला. मी आत खुर्चीत बसलो होतो. मला तिच्या जागी दुसरंच कुणी दिसत होतं, वास्तुशांतीला दाराबाहेर, पदर सावरून उभं.

"ये गं आत," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. तिला कळलं.

ती आली. त्याला आता दोन वर्षं झाली. दोन्ही वर्षी तीच आधी आली. मी अजून मेलेलो नाही.